बाळ झोपायच्या आत

माझा भाचा सहा महिन्यांचा असताना त्याचा झोपेतला फोटो काढायला गेले आणि कॅमेऱ्याच्या 'पीप' आवाजाने तो दचकून उठला. बहिणीने तासभर थोपटून निजवलं होतं त्याला. तेव्हापासून सगळी तयारी बाळ जागं असतानाच उरकते.

आधी घरातल्या आजीला विचारा. निजलेल्या मुलाचा फोटो काढू नये असं आमच्याकडे बऱ्याच घरांत मानतात. त्या नको म्हणाल्या तर विषय तिथेच सोडावा.

मग खिडकी. उत्तरेची खिडकी घ्या असं सगळे सांगतात, पण गोव्यात मे महिन्यात सूर्य माथ्यावरून किंचित उत्तरेला सरकतो आणि सकाळ-संध्याकाळ त्या खिडकीतूनही तिरपं ऊन आत येतं. म्हणून आदल्या दिवशी त्याच वेळी खोलीत बसून उजेड पाहून ठेवा. जुन्या घरात शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी असेल तर नशीबच. काच महाग होती त्या काळातली ही सोय ऊन इतकं गाळून देते की पडदा लागत नाही. नाहीतर जुनं पांढरं सुती लुगडं ताणून बांधा. पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ मला सगळ्यांत आवडतं. गादी अशी ठेवा की उजेड बाळाच्या डोक्याच्या बाजूने, थोडा तिरका येईल. पायांकडून आला की हनुवटी उजळते, सावल्या वर चढतात आणि चेहरा ओळखू येत नाही. बल्ब, ट्यूब बंद. दोन रंगांचे उजेड एकत्र आले की नंतर निस्तरत नाहीत.

बाळ पाठीवरच निजू द्या. फोटोसाठी कुशीवर वळवू नका, तोंडाजवळ उशी, अबोलीचा वळेसर (गजरा), खेळणं काही ठेवू नका. पंखाही बंद करू नका, घामाने ते उठेल.

कॅमेऱ्याचा आवाज, फ्लॅश आणि फोकसचा लाल दिवा बंद करा. शटर 1/125 सेकंद, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ 2.8 च्या आसपास, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) 1600 पर्यंत गेला तरी चालेल, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची. मिटलेले डोळे कॅमेऱ्याला नेहमी सापडत नाहीत, तेव्हा फोकसचा एकच बिंदू जवळच्या डोळ्याच्या पापणीवर ठेवा. एसीच्या खोलीतून कॅमेरा दमट हवेत आणला की लेन्सवर धुकं चढतं, म्हणून अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा. आणि गादीवर पांढरा कागद ठेवून एक फोटो घ्या.

त्या कागदाचं महत्त्व एडिटिंगला बसल्यावर कळतं. खिडकीबाहेर कुळागर (घरालगतची बागायत) असेल तर पोफळी-केळींचा हिरवा रंग थेट गालावर येतो आणि बाळ आजारी दिसतं. कागदावरून व्हाइट बॅलन्स घ्या, म्हणजे कागद पांढराच दिसेल असे रंग जुळवा. तरीही खिडकीकडच्या गालावर हिरवट झाक उरली तर तेवढ्याच भागावर ब्रशने मजेंटा (जांभळट गुलाबी) वाढवा. नारिंगी रंगाची उजळी जराशी वर, लालचा भडकपणा जरासा खाली. याहून जास्त काही नको. त्वचा गुळगुळीत करू नका. घामोळं, ओठावरचा दुधाचा डाग, कपाळावरची टीट पुसू नका. टीट आईने लावलेली असते.

कुणाला पाठवण्याआधी फाइलमधली ठिकाणाची माहिती काढून टाका. आजीसाठी मात्र मोबाइलवर नको, 5×7 इंचांची प्रिंट काढून न्या.