प्रागला थंडीत दोघंच जाताय? मग आधी दुपारी चारचं गणित समजून घ्या

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. डिसेंबरात प्रागमध्ये सकाळी आठच्या सुमाराला उजाडतं आणि दुपारी चारला सूर्य मावळतो. म्हणजे उजेडाचे जेमतेम आठ तास, त्यातही आभाळ बहुतेक वेळा राखाडी. आम्ही निघायच्या आधी नवऱ्याने एक्सेल शीट केली होती (हो, रंगबिरंगी, तासातासाची) आणि त्यात रोज सात सात ठिकाणं, शेवटचं ठिकाण संध्याकाळी साडेसहाला 'बागेत फेरफटका'. साडेसहाला बागेत मिट्ट काळोख आणि उणे दोन! ती शीट पहिल्याच दिवशी दुपारी बाद झाली, आणि नंतर जे जमवलं ते इथे लिहितेय.

आमचा हिशोब असा ठरला की दिवसाला बाहेरचं एक मोठं ठिकाण, आतलं एक, आणि दोन्हीच्या मधे कुठेतरी बसून गरम काहीतरी पिणं. बाहेरचं काम दहा ते तीन या वेळात उरकायचं, अंधार पडल्यावर म्युझियम, कॉन्सर्ट नाहीतर ख्रिसमस मार्केट. सतत बाहेर दीड तासाच्या वर राहिलात की बोटं सुन्न होतात आणि मग कुठल्याही कारणावरून भांडण होतं, हे अगदी अनुभवाने सांगतेय. "अगं एकच चर्च राहिलंय" हे वाक्य थंडीत उच्चारू नये.

निघायच्या आधीचं थोडक्यात. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) लागतो, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तर नाताळच्या गर्दीत जायचं असेल तर अपॉइंटमेंट लवकर पकडा. इन्शुरन्स किमान ३०,००० युरो कव्हरचा हवा. नवराबायकोची आडनावं पासपोर्टवर वेगळी असतील तर मॅरेज सर्टिफिकेटची कॉपी फाईलमध्ये असू द्या, उगाच कोणी विचारलं तर धावपळ नको.

कपड्यांचं मात्र सविस्तर सांगते कारण इथे सगळे चुकतात. एक जाडजूड स्वेटर नको, तीन पातळ थर हवेत. आतून थर्मल, मग फ्लीस किंवा लोकरीचं काहीतरी आणि वरून वारा न शिरणारं जॅकेट. कारण ट्रॅममध्ये, दुकानात, रेस्टॉरंटमध्ये हीटिंग इतकं असतं की आत शिरलं की दोन मिनिटांत घाम, मग काढा, मग बाहेर येऊन परत घाला, दिवसभर हाच खेळ. चष्मा असेल तर दर वेळी आत शिरल्यावर आंधळी कोशिंबीर. कान झाकणारी टोपी हवीच. आमच्याबरोबर सासूबाईंनी दिलेली माकडटोपी आली होती, मी आधी हसले आणि तिसऱ्या दिवशी मीच ती मागून घेतली, फोटोत दोघांपैकी एकजण कायम माकडटोपीत आहे. खोबरेल तेलाची बाटली नेऊ नका, दगड होतो तिचा, त्यापेक्षा व्हॅसलीन न्या. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी बघता बघता उतरते.

आणि बूट! जुन्या शहरात सगळे रस्ते दगडी चिऱ्यांचे, त्यावर पहाटेचा बर्फ म्हणजे शेवाळलेल्या विहिरीच्या पायऱ्या. तळव्याला खाचा असलेले, घोट्यापर्यंतचे, पाणी न शिरणारे बूट घ्या आणि ते इथेच आठवडाभर घालून फिरा, नवे कोरे तिकडे नेऊन फोड आणू नका. गंमत म्हणजे आपण ज्या बाटाला जन्मापासून देशी समजत आलो ती कंपनी मूळची चेक, १८९४ मध्ये झ्लिन गावात सुरू झालेली. वेन्सेस्लास स्क्वेअरवर त्यांची १९२० च्या दशकातली काचेची इमारत आहे, तिच्याखाली उभं राहून नवऱ्याने सातवीतल्या शाळेच्या बुटांच्या आठवणी सांगितल्या, मी ऐकल्या.

पैशाचं बघा. चलन कोरुना. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, युरो काही ठिकाणी घेतात पण रेट मार खाणारा. एटीएमने किंवा मशीनने "रुपयात चार्ज करू का" असं विचारलं तर नाही म्हणा, कोरुनातच घ्या. आम्ही पहिल्याच संध्याकाळी एका एक्सचेंजच्या खिडकीवर बोर्डावरचा मोठा आकडा बघून पैसे बदलले आणि हातात आले भलतेच कमी, तो मोठा आकडा म्हणे फक्त मोठ्या रकमेसाठी. हॉटेलवर येऊन हळहळत बसलो तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं की २०१९ पासून तिथे कायदा आहे, १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो. पळत गेलो आणि परत मिळाले! तेव्हा पावती फेकू नका. रस्त्यात कोणी चांगल्या रेटने पैसे देतो म्हणाला तर सरळ पुढे चला, हातात दुसऱ्याच देशाच्या नोटा पडतात.

ट्रॅम आणि मेट्रोला एकच तिकीट, ते ठरावीक वेळापुरतं चालतं, त्या वेळात गाड्या कितीही बदला. कागदी तिकीट असेल तर पहिल्यांदा चढताना पिवळ्या मशीनमध्ये छाप मारायचा, तो राहिला तर तिकीट असून विनातिकीट, आणि तपासनीस साध्या कपड्यात असतात. तीनचार दिवस राहणार असाल तर दिवसांचा पास काढून मोकळे व्हा. हॉटेल अगदी ओल्ड टाउनमध्येच हवं असं नाही, विनोह्राडी किंवा कार्लिनसारख्या भागात मेट्रोजवळ घेतलं तर स्वस्तात चांगलं मिळतं आणि दहा मिनिटांत मध्यात येता. आमच्या खोलीत मोठा रेडिएटर होता, रात्री त्यावर मोजे वाळत घालायचे, हा माझा त्या ट्रिपमधला सर्वात आवडता शोध.

आता फिरण्याचं. चार्ल्स ब्रिजवर दोनदा जायचं, एकदा सकाळी साडेसातला आणि एकदा दुपारी साडेतीन चारला. भर दुपारी जाऊ नका, गणपतीच्या मिरवणुकीसारखी गर्दी असते. सकाळी पुलावर मोजून दहा माणसं, व्ल्तावा नदीवर धुकं, दोन्ही बाजूला मिळून तीस पुतळे काळेकाळे उभे, आणि हळूहळू उजाडत जातं. १३५७ मध्ये राजा चौथा चार्ल्स याने पाया घातला, तोही ज्योतिष बघून ९ जुलैला पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी असं सांगतात, म्हणजे आकडे मांडले की १-३-५-७-९-७-५-३-१, उलटंसुलटं सारखंच. मुहूर्त बघणारे आपणच नाही तर! चुन्यात अंडी घातली होती अशीही गोष्ट आहे, आपल्याकडे गडाच्या चुन्यात गूळ घातला म्हणतात तसं. आणि चारला जायचं ते दिवे लावणारा माणूस बघायला. नाताळच्या आधीच्या आठवड्यांत जुना पोशाख घातलेला माणूस लांब काठी घेऊन पुलावरचा गॅसचा एकेक दिवा हाताने पेटवत जातो. त्याच्या मागे पोरांची रांग, आणि आम्हीही. सुरुवातीच्या टोकाला उभं न राहता मधोमध उभे राहा म्हणजे दोन्हीकडचे दिवे दिसतात आणि वरती किल्ला उजळलेला.

ओल्ड टाउन स्क्वेअरवरचं घड्याळ १४१० चं आहे. दर तासाला सांगाडा दोरी ओढतो, खिडकीतून बारा प्रेषित (येशूचे शिष्य) फिरून जातात, एक मिनिटाचा खेळ. खरं सांगू, त्यासाठी पंधरा मिनिटं थंडीत ताटकळायची गरज नाही, दोन मिनिटं आधी या, बघा, निघा. घड्याळ करणाऱ्याचे डोळे काढले अशी दंतकथा ऐकवतात, ताजमहालच्या कारागिरांच्या हातांसारखीच, आणि तितकीच खरी. खरी मजा त्याच टाउन हॉलच्या टॉवरवर आहे, लिफ्ट आहे, गुडघेवाल्यांनी घाबरू नये. साडेतीनला वर जा म्हणजे उजेडातही बघता आणि मार्केटचे दिवे लागतानाही. समोरच्या टिन चर्चमध्ये टायको ब्राहे पुरलेला आहे, दुर्बीण नसताना ग्रहांच्या जागा मोजणारा तो खगोलशास्त्रज्ञ, १६०१ मध्ये इथेच गेला, आणि त्याच्या नोंदी घेऊन केप्लरने पुढे नियम मांडले. नवरा सायन्सवाला असल्याने इथे पाऊण तास गेला.

किल्ल्याला जायची युक्ती ऐका. खालून पायऱ्या चढत जाऊ नका. २२ नंबरची ट्रॅम पकडा आणि पोहोर्झेलेत्स स्टॉपला उतरा, तिथून उतरत उतरत किल्ल्यात शिरायचं आणि बघून झालं की खाली माला स्ट्राना या पायथ्याच्या वस्तीत. चढ शून्य. हिवाळ्यात आतल्या इमारती चारलाच बंद होतात आणि दारात सिक्युरिटी तपासणी असते, त्यामुळे नऊ साडेनऊलाच पोचा. दुपारी बाराला पहारा बदलतो. सेंट व्हायटस कॅथेड्रल १३४४ मध्ये सुरू झालं आणि १९२९ मध्ये पूर्ण झालं, आपल्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटबद्दल तक्रार करणाऱ्यांनी इथे जरूर यावं. रविवारी सकाळी प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारनंतर सोडतात. आत अल्फोन्स मुखा या चेक चित्रकाराने काढलेली रंगीत काच बघाच. जुन्या राजवाड्यातली ती खिडकी पण बघा जिथून १६१८ मध्ये सरदारांनी राजाचे दोन अधिकारी आणि एक कारकून खाली फेकले, तिघंही वाचले, एका पक्षाने सांगितलं देवदूतांनी झेललं, दुसऱ्याने सांगितलं उकिरड्यावर पडले, आणि त्यातून युरोपात तीस वर्षं युद्ध चाललं.

पाऊस किंवा बर्फ जोरात असेल त्या दिवसासाठी क्लेमेंटिनम राखून ठेवा. जेझुइट या ख्रिस्ती पंथाचं जुनं कॉलेज, आत बरोक म्हणजे भरपूर नक्षीकामाच्या शैलीतली लायब्ररी आहे, गाईडबरोबरच जाता येतं, टॉवरला पायऱ्या बऱ्याच आहेत आणि अरुंद. इथे १७७५ पासून रोजचं तापमान सलग नोंदवतायत, म्हणजे पानिपत होऊन चौदा वर्षं झाली होती तेव्हापासून! आम्ही गेलो तेव्हा वरती वारा असा की त्या नोंदवणाऱ्यांना मनातून नमस्कार केला.

योसेफोव्ह म्हणजे जुनी ज्यू वस्ती, इथली सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) आणि स्मशान शनिवारी बंद, हे विसरू नका. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या जवळपास ७८ हजार ज्यूंची नावं हाताने लिहिलेली आहेत. आम्ही आत गेल्यावर काही बोललो नाही, बाहेर स्मशानात एकावर एक कलंडलेले दगड आणि त्यावर बर्फ. त्यानंतर त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका, सरळ कुठेतरी कॉफी प्यायला बसा.

दोघांनाच निवांत चालायचं असेल तर विशेह्राड. मेट्रोने जा, तटावरून चाला, खाली नदी, टुरिस्ट कमी, ड्वोर्झाक आणि स्मेताना हे संगीतकार इथल्याच स्मशानात. संध्याकाळी चर्चमधली तासाभराची कॉन्सर्टही सुंदर, फक्त कोट काढू नका, काही चर्चमध्ये हीटिंग नसतं आणि मागच्या रांगेत व्हिवाल्डी ऐकता ऐकता दात वाजतात. आणि कुत्ना होराच्या हाडांच्या चर्चला ट्रेनने तासाभरात जाता येतं, मी नाही म्हटलं. हनीमूनला आलेल्यांनी आपापसात ठरवावं.

खाण्यात शाकाहारी असाल तर "बेझ मासा" म्हणजे मांसाशिवाय, एवढे दोन शब्द पाठ करा. स्माझेनी सिर म्हणजे तळलेल्या चीजचा जाड तुकडा, सोबत बटाटे. ब्राम्बोराक म्हणजे लसूण घातलेलं बटाट्याचं थालीपीठच म्हणा. चेस्नेच्का हे लसणीचं सूप थंडीत अमृत, पण त्यात मांसाचं पाणी आहे का ते विचारून घ्या. फळं भरलेले गोड क्नेडलिकी (उकडलेले पिठाचे गोळे) तिथे जेवण म्हणून खातात, उकडीच्या मोदकाचे लांबचे चुलतभाऊ, फक्त वर लोणी आणि पनीरसारखं काहीतरी. मार्केटमध्ये गरम वाईन, स्वार्झाक, दोघांत एक घेतली तरी पुरते. त्र्देलनिक नावाचा साखरेचा रोल जुना प्रागचा पदार्थ म्हणून विकतात, तसा तो नाही, बाहेरून आलाय, पण हात गरम करायला उत्तम. हॅम भाजतात तिथे पाटीवरचा भाव १०० ग्रॅमचा असतो, तो माणूस सुरी चालवायच्या आत वजन सांगा.

शेवटचं, तारखा. ५ डिसेंबरला संध्याकाळी मिकुलाश (म्हणजे संत निकोलस), सैतान आणि देवदूत असे तिघं रस्त्यात फिरतात, लहान पोरांना सैतान दम देतो, कविता म्हणायला लावतात, ते चुकवू नका. २० तारखेच्या आसपास रस्त्यारस्त्यात टबांमध्ये जिवंत कार्प मासे विकायला येतात, नाताळच्या जेवणासाठी. आणि २४ ला दुपारी बारानंतर मोठी दुकानं कायद्यानेच बंद, २५ आणि २६ लाही बंद. आम्हाला हे २४ ला दुपारी एकला कळलं. रात्री जेवणाला घरून नेलेले मेथीचे ठेपले, रेडिएटरवर गरम केलेले, मोज्यांच्या शेजारी.