ब्रह्मा कोंबडी प्रदर्शनासाठी तयार करायची तर आधी सांगाडा बघा

पाच-सहा महिन्यांची ब्रह्मा बघून बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. लांबलचक पाय, वर आलेली हाडं, पिसंही धड भरलेली नाहीत. असाच एक किडकिडीत नर मी एकदा देऊन टाकला. वर्षभराने तो दुसऱ्याच्या अंगणात दिसला, तेव्हा मला ओळखूच आला नाही. छाती रुंद झाली होती, पाठ भरली होती, मानेची पिसं खांद्यावर रुळत होती. ही जात उशिरा भरते. म्हणून तेव्हापासून दहा महिने व्हायच्या आत मी शेवटची निवड करत नाही.

सुरुवात मानकापासून

शांघाय बंदरातून 1840 च्या दशकात अमेरिकेत गेलेल्या मोठ्या कोंबड्यांपासून ही जात घडली. नाव मात्र ब्रह्मपुत्रेवरून पडलं. मानक म्हणजे त्या जातीचा आदर्श पक्षी कसा असावा याचं लेखी वर्णन. 1874 च्या पहिल्या अमेरिकन मानकात फिकी आणि गडद ब्रह्मा आल्या, बदामी रंगाची 1924 साली. या मानकानुसार फिका प्रौढ नर सुमारे 5.4 किलोचा आणि मादी 4.3 किलोची हवी. गडद आणि बदामी नर 5 किलोच्या आसपास, मादी 3.9 किलो. ब्रिटिश मानकाचे आकडे वेगळे आहेत. तेव्हा तुम्ही ज्या प्रदर्शनात उतरणार, तिथे कोणतं मानक चालतं ते आधी विचारा आणि त्याची प्रत हाताशी ठेवा.

जोडी लावताना

पक्षी हातात घ्या. पिसांच्या फुगवट्यावर भुलू नका, बोटांनी चाचपून बघा. छातीचं हाड सरळ आहे का, दोन पायांत अंतर आहे का, पाठ रुंद आहे का. मग डोकं बघा. तुरा बुटका आणि तीन रांगांचा हवा, मधली रांग जरा उंच. कपाळ डोळ्यांवर थोडं पुढे आलेलं असतं, त्यामुळे ब्रह्माची नजर गंभीर वाटते. पाय पिवळे हवेत आणि पिसं मधल्या व बाहेरच्या बोटापर्यंत उतरलेली.

हा तीन रांगांचा तुरा आनुवंशिकदृष्ट्या प्रबळ आहे. त्यामुळे आई-बाप दोघांत एकेरी तुऱ्याचा अंश लपलेला असला तरी वरून कळत नाही. अशा जोडीच्या पिल्लांत साधारण चारातलं एक एकेरी तुऱ्याचं निघतं. तसं पिल्लू निघालं तर दोघांवरही खूण करा.

एकच दोष दोघांत असेल तर जोडी लावू नका. नराचे पाय पिसांत कमी असतील तर मादी भरगच्च पायांची घ्या. पंख नीट मिटत नसतील, टोकाची पिसं बाहेर लोंबत असतील, तर तो पक्षी कितीही देखणा असला तरी पैदाशीला नको, कारण हा दोष पिल्लांत उतरतो. गडद ब्रह्मात आणखी एक अडचण आहे. मादीच्या प्रत्येक पिसावर बारीक समांतर रेघा हव्यात, तर नराची छाती निव्वळ काळी. एकाच जोडीतून दोन्ही उत्तम मिळणं कठीण, म्हणून जुने पाळणारे नरांसाठी एक वाण आणि मादींसाठी दुसरा असे वेगळे राखायचे. नवख्याने फिक्यापासून सुरुवात करावी, असं माझं मत आहे.

एका नरामागे सहा ते आठ माद्या पुरेत. दोघांच्याही गुदद्वाराभोवतीची दाट पिसं कात्रीने कापा, नाहीतर अंडी फळत नाहीत. नर बदलला तर निदान तीन आठवडे अंडी उबवायला घेऊ नका, तोवर आधीच्या नराचंच बीज चालू असू शकतं.

उबवण

खुडूक कोंबडी असेल तर काम सोपं, पण ब्रह्मा जड असते आणि तिच्याखाली पातळ कवचाची अंडी फुटतात. इनक्युबेटरमध्ये 37.5 अंश तापमान ठेवा. अंडी फिरवणं 18 व्या दिवशी थांबवा आणि आर्द्रता वाढवा. 21 व्या दिवसाच्या आसपास पिल्लं निघतात.

पिल्लांचे पाय

पहिल्या आठवड्यात ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांच्या उबदार खोक्यात, साधारण 35 अंश ऊब द्या, नंतर दर आठवड्याला तीनेक अंश कमी करा. खाली गुळगुळीत कागद नको. पाय घसरून फाकले की ते पिल्लू प्रदर्शनातून बाद झालं असं समजा. पहिले आठ आठवडे 20 टक्के प्रथिनांचं खाद्य द्या, मग 16 ते 18 टक्क्यांचं. अंड्यावरच्या कोंबडीचं जास्त कॅल्शियमचं खाद्य तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या माद्यांना, देऊ नका, त्याने मूत्रपिंड बिघडतं. ही जात अंड्यावर यायला सात महिने किंवा अधिकही घेते.

पायांची पिसं रोज बघावी लागतात. ओलसर विष्ठा बोटांवर चढते, सुकते आणि दगडासारखी गोळी होते. ती ओढून काढलीत तर पिसासह कातडी निघेल. पाय कोमट पाण्यात धरा, गोळी आपोआप मऊ होऊ द्या आणि बोटांनी हळूहळू चोळून काढा. कोवळ्या पिसाच्या नळीत रक्त असतं. ती तुटली की पाय लाल होतो आणि बाकीची पिल्लं तिथेच टोचतात, म्हणून अशा पिल्लाला लगेच वेगळं करा. पूर्ण वाढलेलं पीस तुटलं तर पुढच्या पिसझडीपर्यंत ते तसंच राहतं.

म्हणून तुसाची गादी कोरडी ठेवणं, ओला भाग लगेच उचलणं, हेच मी सर्वांत मोठं काम मानतो. बसायची दांडी रुंद आणि जमिनीपासून फूट-दीड फूटच उंच ठेवा. पाच किलोचा पक्षी उंचावरून उडी मारतो तेव्हा तळव्याला इजा होऊन गाठ येते. पायांचे खवले उचललेले दिसले तर आत किडा आहे. खाद्यतेल चोळल्याने तो गुदमरतो, पण तेलाने पिसं चिकट होतात, तेव्हा हे काम प्रदर्शनाच्या बरंच आधी उरका.

फिक्या ब्रह्माला कडक उन्हापासून जपा, पांढऱ्या पिसांवर पिवळट झाक येते. दाट पिसांमुळे उकाडाही तिला सोसत नाही.

शेवटचे पंधरा दिवस

निवडलेले पक्षी रोज थोडा वेळ पिंजऱ्यात ठेवा आणि हाताळा, म्हणजे परीक्षकाने उचललं तरी घाबरणार नाहीत. तीन-चार दिवस आधी अंघोळ घाला. त्याहून उशीर नको, कारण पिसांना नैसर्गिक तेल परत यायला वेळ लागतो. तीन टोपल्यांत कोमट पाणी घ्या: पहिल्यात सौम्य साबण, पुढच्या दोन्हींत साधं पाणी. एक हात छातीखाली, डोकं पाण्याबाहेर, आणि हात नेहमी पिसांच्या दिशेनेच फिरवा. पायांच्या खवल्यांतली घाण मऊ दातघासणीने काढा. टॉवेलने टिपून उबदार जागी वाळवा. पायांची पिसं सगळ्यात उशिरा वाळतात, तेव्हा ती बोटांनी मोकळी करत राहा आणि पूर्ण सुकल्यावरच पक्षी ताज्या, कोरड्या तुसावर सोडा.