जुन्या फरशीवर व्हिनाइल टाकण्याआधी

अमळनेरच्या आमच्या घरात दहा इंची मोझेक फरशी आहे. थंडीत ती पायाला झोंबते, आईचे गुडघे धरतात, म्हणून मधल्या खोलीत व्हिनाइलचा, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या प्लॅस्टिकचा, रोल आणून टाकला. तयारी म्हणाल तर झाडून-पुसून घेतलं, तेवढंच. वर्षभरात फरशीचा एकेक चौकोन रोलवर उमटला. मोरीकडचा कोपरा उचलून पाहिला तर खाली काळी बुरशी. रोल टाकून द्यावा लागला. दुसऱ्या वेळी मात्र तयारीला आठवडा दिला आणि रोल एका दुपारी टाकून झाला. पुढे लिहिलंय ते त्या आठवड्याबद्दल.

रोल दीड-दोन मिलिमीटर जाडीचा असतो आणि मऊ असतो. माणसांच्या पायाखाली तो हळूहळू सांध्यांत बसतो, खिडकीतून तिरपं ऊन आलं की प्रत्येक सांधा दिसतो. व्हिनाइलच्याच चार-पाच मिलिमीटरच्या, एकमेकींत अडकणाऱ्या कडक फळ्या थोडंफार झाकतात, पण त्यांच्याखाली पोकळी राहिली तर अडकवण्याची खाच मोडते. म्हणजे खालची जमीन दोन्हींना सपाटच लागते.

ओल आधी पाहा, आणि योग्य महिन्यात पाहा

खान्देशातली जुनी घरं बहुतेक मुरुमाच्या भरावावर आहेत, फरशीखाली प्लॅस्टिकचा कागद घालायची पद्धत तेव्हा नव्हती. जमिनीतली वाफ सांध्यांतून वर येते आणि हवेत विरते, म्हणून आपल्याला ती कधी जाणवत नाही. व्हिनाइल टाकलं की तिची वाट बंद होते. मग ती खालीच साचते, गोंद सोडवते, बुरशी धरते.

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा ओली फरशीसुद्धा कोरडी ठणठणीत वाटते. त्या दिवसांतल्या तपासणीवर विसंबू नका. पावसाळा संपत आला की, भाद्रपदात पाहा. दोन फूट बाय दोन फुटांचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा फरशीवर अंथरा, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि दोन-तीन दिवस तसाच ठेवा. एक तुकडा मोरीच्या भिंतीजवळ, एक बाहेरच्या भिंतीजवळ, एक खोलीच्या मधोमध. उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा फरशीचा रंग गडद झाला, तर ओल आहे. सांध्यांत पांढरा लोणा (ओलीबरोबर वर येणारा क्षार) फुटलेला असेल तर ओल आहेच, तपासायचीही गरज नाही.

ओल निघाली तर आधी तिचं मूळ शोधा. गळका नळ, मोरीचा फुटलेला पाइप, अंगणातलं पाणी भिंतीकडे वळणारा उतार. जमिनीतूनच येत असेल तर ओल अडवणारा इपॉक्सीचा थर जाणकार माणसाकडून करून घ्यावा लागतो. तेवढा खर्च नको असेल तर त्या खोलीत व्हिनाइल टाकू नका, असंच मी म्हणेन. वरच्या मजल्यावर ही चिंता पुष्कळ कमी, तिथे फक्त न्हाणीघराची भिंत पाहा.

फरशी वाजवून पाहा

आमच्याकडे आलेल्या गवंडीबाबांनी पहिल्यांदा लाकडी हातोडीची मूठ घेतली आणि खोलीभर ठोकत फिरले. "फरशीना आवाज आयक, भो," म्हणाले. घट्ट फरशी टणक वाजते, सुटलेली बद्द. बद्द वाजेल तिच्यावर खडूने फुली मारत जा. आमच्या एका खोलीत अकरा फुल्या झाल्या. त्या फरश्या छन्नीने काढायच्या, खालचा सुटा मसाला खरवडायचा, जागा ओली करून नव्या मसाल्यात पुन्हा बसवायच्या. जुनी फरशी मिळाली नाही तरी हरकत नाही, तो खड्डा सिमेंटच्या मसाल्याने शेजारच्या फरशीच्या पातळीला आणला तरी चालतो, वर कुणाला दिसणार नाही.

शहाबादी असेल तर पापुद्रे सुटलेत का ते पाहा. सुटणारा पापुद्रा आजच काढून टाका, नाहीतर तो व्हिनाइलला चिकटून उद्या निघेल.

भेगांचं मात्र सबुरीने घ्यावं लागतं. आपली काळी कापसाची माती उन्हाळ्यात फाटते आणि पावसात फुगते. घर तिच्यावर असेल तर फरशीही वर्षाला एकदा हलते. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. पुढच्या ऋतूत भेग रेघेच्या पुढे गेली किंवा दोन्ही बाजू खालीवर झाल्या, तर ती नुसती भरून भागणार नाही. आधी पायाचं आणि भरावाचं काय ते पाहावं लागेल. जिथल्या तिथे थांबलेली भेग खुशाल भरून टाका.

धुणं

स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं फोडणीची वाफ फरशीवर बसलेली असते. डोळ्यांना दिसत नाही, पण तिच्यावर काहीही धरत नाही. कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड किंवा धुण्याचा सोडा घालून काथ्याच्या ब्रशने घासा, विशेषतः ओट्यासमोर. मग साध्या पाण्याने दोनदा धुवा, कारण साबण उरला तर तोही तेलाइतकाच वाईट. मोझेक आणि शहाबादीवर ॲसिड ओतू नका. दोन्हींत चुना आहे, ॲसिड तो खातं आणि पृष्ठभाग भुसभुशीत करून ठेवतं. धुतल्यावर पंखे लावून पूर्ण वाळू द्या.

सपाटी

इथे घाई केली की सगळं वाया जातं. दोन मीटरची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी फरशीवर आडवी, उभी, तिरपी ठेवून पाहा. पट्टीखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, म्हणजे एकावर एक ठेवलेली रुपयाची दोन नाणी साधारण तेवढी भरतात. मोरीकडे पाणी जावं म्हणून जुन्या घरांत फरशीला उतार असतो, त्याची काळजी नको. उतार चालतो, उंचवटा-खड्डा चालत नाही. वर आलेली फरशीची कड ग्राइंडरने उतरवा. पाणी मारत घासा आणि तोंडाला चांगला मास्क लावा, ती धूळ फुप्फुसात बसते.

मग फरशीवर पाण्याचा थेंब टाका. पाच-दहा मिनिटं तसाच राहिला तर फरशी पाणी पीत नाही. पॉलिश केलेली मोझेक आणि चकचकीत सिरॅमिक अशीच असते. अशा फरशीची चमक खरखरीत पॉलिश पेपरने घासून घालवा आणि पाणी न पिणाऱ्या पृष्ठभागासाठीचा प्रायमर लावा. त्याशिवाय वरचा थर पापडासारखा सुटतो.

सांधे आणि सगळी फरशी सिमेंटच्या, फरशीसाठी बनवलेल्या लेव्हलिंग (पातळी सारखी करणाऱ्या) मसाल्याने भरा. बरेच जण भिंतीची उरलेली पुट्टी किंवा प्लॅस्टर ऑफ पॅरिस वापरतात. ते कृपया करू नका. पुट्टी पायाखाली भुगा होते, प्लॅस्टर ओल धरून मऊ पडतं. पिशवीवर लिहिलंय तेवढंच पाणी घाला. जास्त घातलं की मसाला सहज पसरतो पण वाळल्यावर तडकतो. उन्हाळ्यात तो बघता बघता घट्ट होतो, म्हणून पहाटेचं काम, थंड पाणी आणि खिडक्या बंद. पहिला हात वाळला की सांध्यांच्या जागी तो किंचित खाली बसतो. दुसरा पातळ हात द्यावाच लागतो.

ओतण्याआधी एक बारीक गोष्ट: जुन्या दारांची खालची कडी फरशीतल्या भोकात जाते. त्या भोकात कागदाचा बोळा कोंबून ठेवा, नाहीतर मसाला वाळल्यावर दार लागणारच नाही. मसाला आणि व्हिनाइलचा रोल मिळून चार-पाच मिलिमीटर उंची वाढते, फळ्या असतील तर त्याहून जास्त. आत उघडणारी दारं आधी उतरवून सुताराकडून खालून रंधून घ्या.

रोल उघडण्याआधी

रोल किंवा फळ्या त्याच खोलीत किमान दोन दिवस ठेवा, फळ्या आडव्या. दिवाळीनंतरचे दिवस या कामाला उत्तम. मेमधल्या तापलेल्या खोलीत टाकलेलं व्हिनाइल थंडीत आक्रसतं आणि जोड उघडे पडतात. कूलर घरात असेल तर त्याची जागा आताच ठरवा, शक्यतो खिडकीबाहेर स्टँडवर, म्हणजे ठिबकणारं पाणी जोडांत जाणार नाही.

शेवटी रात्री दिवे मालवून टॉर्च फरशीवर आडवी ठेवा. बाजरीच्या दाण्याएवढा खडासुद्धा लांब सावली टाकतो. प्रत्येक सावली खरवडा, झाडा, ओल्या फडक्याने पुसा, आणि पुन्हा टॉर्च फिरवा. आम्ही तीनदा फिरवली.