हिब्रू शास्त्रातला ‘एन’ कसा वाचावा : नाही, नव्हे, इल्ल आणि अल्ल

हिब्रू शास्त्रात, म्हणजे ख्रिस्ती मंडळी ज्याला जुना करार म्हणतात त्यात, एखादी वस्तू किंवा व्यक्ती नसल्याचे सांगणारा एक लहानसा शब्द सातशेहून अधिक वेळा येतो. आलेफ, योद आणि नून या तीन अक्षरांचा हा शब्द एकटा किंवा वाक्यखंडाच्या शेवटी उभा असला की ‘अयिन’ असा उच्चारला जातो आणि पुढच्या शब्दाला टेकून आला की ‘एन’ होतो. त्याचा जोडीदार म्हणजे ‘येश’, अर्थात ‘आहे’. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी वाचकाला हा शब्द शिकणे इतरांपेक्षा सोपे जावे, असे माझे ठाम मत आहे. या भागात मराठी घरांतही कन्नड कानावर असते, आणि ‘ती वस्तूच नाही’ व ‘वस्तू आहे, पण ती नव्हे’ हा भेद कन्नडमध्ये दोन वेगळ्या शब्दांनी रोज केला जातो.

‘मन्याग यारू इल्ल’ म्हणजे घरात कोणी नाही. ‘अदु नम्म मनी अल्ल’ म्हणजे ते आमचे घर नव्हे. पहिल्या वाक्यात कोणाचे तरी असणे नाकारले आहे, तर दुसऱ्यात घर आहेच, फक्त ते आमचे असण्याला नकार आहे. मराठीतही ‘नाही’ आणि ‘नव्हे’ हा फरक आहे, पण बोलण्यात ‘नव्हे’ मागे पडत चालल्यामुळे तो पुसट झाला आहे. कन्नडमध्ये ‘इल्ल’च्या जागी ‘अल्ल’ घातले तर ऐकणारा लगेच हटकतो. हिब्रूतील ‘एन’ मुळात ‘इल्ल’च्या बाजूचा आहे. ‘अल्ल’च्या जागी हिब्रू बहुतेक वेळा ‘लो’ हा दुसरा नकार वापरते. ‘देव मनुष्य नव्हे’ (गणना २३:१९) येथे मूळ शब्द ‘लो ईश एल’ असे आहेत. आमोस ‘मी संदेष्टा नव्हे’ म्हणतो (७:१४) तेथेही ‘लो’ आहे, आणि होशेयच्या मुलाचे ‘लो-अम्मी’ हे नाव ‘माझे लोक नव्हे’ याच अर्थाचे आहे.

आता प्रत्यक्ष वाचनाकडे वळू. छापील मराठी शास्त्रावरून मूळ शब्द कोणता होता हे ओळखता येत नाही, कारण आपले ‘नाही’ क्रियापदालाही लागते. ‘तो आला नाही’ आणि ‘तो घरात नाही’ या दोन्हींत एकच शब्द आहे. कन्नड शास्त्र शेजारी उघडून ठेवल्यानेही हा प्रश्न पुरता सुटत नाही, कारण ‘बंदिल्ल’मध्येही ‘इल्ल’च दडलेला असतो. हिब्रू मात्र पूर्ण क्रियापदाला सहसा ‘लो’ लावते, मनाई करताना ‘अल’ किंवा ‘लो’ वापरते आणि असण्या-नसण्यासाठी ‘एन’ राखून ठेवते. म्हणून प्रथम मूळ शब्द पाहून घ्यावा. ज्यांना हिब्रू अक्षरे येत नाहीत त्यांनी जेम्स स्ट्राँग यांच्या १८९० च्या शब्दसूचीतील क्रमांकांचा आधार घ्यावा. मोबाइलवरच्या बहुतेक अभ्यास-ॲपमध्ये ते शब्दावर बोट ठेवताच दिसतात. ‘एन’चा क्रमांक ३६९, ‘लो’चा ३८०८ आणि ‘येश’चा ३४२६ आहे. स्तोत्रे शोधताना एक काळजी घ्यावी. हिब्रू प्रतीत पुष्कळ स्तोत्रांचे शीर्षक हेच पहिले वचन धरले जाते, त्यामुळे आपल्या प्रतीतले ३९:१३ तेथे ३९:१४ असते.

‘एन’ आहे अशी खात्री झाली की त्याच्यानंतर काय येते ते पाहावे, कारण अर्थाची छटा त्यावर ठरते. पुढे नुसते नाम असेल तर ती वस्तू नाही, एवढाच अर्थ होतो. या शब्दाला काळ नसतो. तो संदर्भावरून आपण भरायचा असतो. ‘त्या दिवसांत इस्राएलात राजा नव्हता’ (शास्ते २१:२५) येथे मुळात ‘एन मेलेख’ इतकेच आहे. येथला ‘नव्हता’ हा ‘नाही’चा भूतकाळ आहे, ‘नव्हे’चा भाऊ नाही, हे विसरू नये. नाम भाववाचक असेल तर आपले ‘अ’ आणि ‘निर्’ हे उपसर्ग कामी येतात. योसेफाने साठवलेल्या धान्याला ‘एन मिस्पार’ म्हटले आहे (उत्पत्ती ४१:४९), म्हणजे त्याला गणती नव्हती, ते अगणित होते. यशया ४०:२९ मधील ‘एन ओनीम’ म्हणजे निर्बल.

पुढे ‘ला’ या अर्थाचे अक्षर आणि सर्वनाम आले तर मालकी नाकारली जाते. साराय वांझ होती, ‘एन लाह वालाद’, तिला मूल नव्हते (उत्पत्ती ११:३०). इंग्रजीतून शिकणाऱ्याला येथे ‘जवळ असणे’ या अर्थाचे वेगळे क्रियापद हिब्रूत नसते हे समजावून घ्यावे लागते. आपल्याला काहीच समजावावे लागत नाही, कारण ‘तिला मूल नाही’ आणि ‘ननग मक्कळ इल्ल’ यांची बांधणी तीच आहे. धातुसाधित, म्हणजे ‘देत’, ‘करत’ यांसारखे रूप, पुढे आले तर चालू क्रिया नाकारली जाते. फारो म्हणतो, ‘एनेन्नी नोथेन लाखेम तेवेन’, मी तुम्हाला पेंढा देत नाही (निर्गम ५:१०). आणि ‘ल’ लागलेले क्रियावाचक नाम आले तर बहुधा ‘तसे करता येत नाही’ किंवा ‘तशी मुभा नाही’ असा अर्थ होतो. गोणपाट नेसून राजाच्या दारात जायचे नाही, अशा अर्थाने एस्तेर ४:२ मध्ये ‘एन लावो’ आहे, आणि मराठीतले हे ‘जायचे नाही’ त्याला अगदी चपखल बसते.

हे नियम पाण्याच्या धारेसारखे सरळ वाहत नाहीत. नोहाने जहाजात न्यायच्या अशुद्ध पशूंबद्दल उत्पत्ती ७:२ मध्ये ‘लो’ वापरला आहे आणि अवघ्या सहा वचनांनंतर, ७:८ मध्ये, त्याच गोष्टीसाठी ‘एनेन्नाह’. अशा ठिकाणी दोन नकारांतून दोन सिद्धांत काढण्याचा मोह टाळावा. व्याख्यानात ते ऐकायला बरे वाटते, इतकेच.

‘एन’ला सर्वनामे चिकटतात तेव्हा खरी गंमत सुरू होते. ‘एनेन्नी’ म्हणजे मी नाही, ‘एनखा’ म्हणजे तू नाहीस, ‘एनेन्नू’ म्हणजे तो नाही, ‘एनाम’ म्हणजे ते नाहीत. आपले ‘नाही, नाहीस, नाहीत’ पुरुष आणि वचनाप्रमाणे बदलते तसेच हे आहे. यांपैकी ‘एनेन्नू’ जपून वाचावा लागतो. भावांनी योसेफाला खड्ड्यात टाकलेले असते. थोरला रऊबेन त्या खड्ड्याशी परततो आणि ओरडतो, ‘हा-येलेद एनेन्नू’, पोरगा नाही (उत्पत्ती ३७:३०). पुढे मिसरात दहा भाऊ योसेफाला न ओळखता त्याच्याच समोर उभे राहून सांगतात की आम्ही बारा भाऊ, धाकटा बापाजवळ आहे आणि एक ‘एनेन्नू’ (४२:१३). घरी त्यांचा बाप याकोब म्हणतो, योसेफ ‘एनेन्नू’, शिमोन ‘एनेन्नू’ (४२:३६). शिमोन तर मिसरात कैदेत आहे, जिवंत आहे, आणि हे याकोबाला नुकतेच सांगितले गेले आहे. म्हणजे ‘एनेन्नू’चा अर्थ ‘मेला’ असा धरता येणार नाही. यहूदाला जेव्हा खरोखर ‘मेला’ म्हणायचे असते तेव्हा तो ‘मेत’ हा सरळ शब्द वापरतो (४४:२०). हनोखाच्या बाबतीत (५:२४) ‘वे-एनेन्नू’ म्हटले आहे, कारण देवाने त्याला नेले. तेथे मृत्यूचा उल्लेखच नाही. मराठीतही ‘आबा आता नाहीत’ याचा अर्थ प्रसंगावरूनच ठरतो : वारले, किंवा नुसतेच बाजाराला गेले. म्हणून भाषांतर करताना ‘नाही’ला ‘नाही’च ठेवावे आणि उरलेले संदर्भावर सोपवावे. यिर्मया ३१:१५ मध्ये राहेल आपल्या मुलांसाठी रडते तेव्हा मुले अनेक असूनही मूळ शब्द एकवचनी ‘एनेन्नू’ आहे. मराठीत ‘ती नाहीत’ असेच करावे लागते, पण टिपण काढणाऱ्याने हे एकवचन नोंदवून ठेवावे.

शब्द एकटा उभा राहिल्याचे उत्तम उदाहरण १ शमुवेल ९:४ मध्ये मिळते. शौल बापाच्या हरवलेल्या गाढवी शोधत हिंडतो. शलिशा प्रांतातून गेले, ‘वे-लो मात्साऊ’, सापडल्या नाहीत. शालीम प्रांतातून गेले, ‘वा-अयिन’, नाहीत. बन्यामिनी प्रांतातून गेले, ‘वे-लो मात्साऊ’. सापडण्याच्या क्रियापदाला ‘लो’ आणि नुसत्या गैरहजेरीला ‘अयिन’, असे दोन्ही एकाच वचनात शेजारी बसले आहेत. नवशिक्याने पहिल्या दिवशी हेच वचन घ्यावे.

स्तोत्र १४ हे त्यानंतरचे. मूर्ख मनात म्हणतो, ‘एन एलोहीम’, देव नाही. हे वाक्य बहुधा एकटेच उचलून नास्तिकांविरुद्ध वापरले जाते, पण पुढे वाचत गेले की वेगळेच काही दिसते. दुसऱ्या वचनात परमेश्वर स्वर्गातून डोकावून पाहतो : ‘हा-येश’, शहाणा कोणी आहे का? तिसऱ्या वचनात उत्तर मिळते, ‘एन ओसे तोव, एन गाम एखाद’, सत्कर्म करणारा नाही, एकसुद्धा नाही. माणूस देवाबद्दल ‘एन’ म्हणतो. देव माणसांत ‘येश’ शोधतो आणि त्याच्या हाती ‘एन’ येतो. मराठीत वाचताना हे निसटू नये म्हणून मी अभ्यासगटात प्रत्येक ‘आहे’ आणि ‘नाही’खाली पेन्सिलीने रेघ मारून घेण्याचा सल्ला देतो.

चकवे तीन आहेत. स्तोत्र १२१:१ मधील ‘मे-अयिन’ म्हणजे ‘शून्यातून’ नव्हे. ते ‘कोठून’ असे प्रश्नार्थक आहे, शब्द निराळा आणि स्ट्राँगचा क्रमांकही निराळा, ३७०. डोळा किंवा झरा या अर्थाचा ‘अयिन’ (५८६९) आलेफने नव्हे तर अयिन याच नावाच्या अक्षराने सुरू होतो. एन-गेदी या ठिकाणाच्या नावातला ‘एन’ तोच, झऱ्याचा. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून केवळ लिप्यंतरावर विसंबू नये. तिसरा चकवा ‘येश मे-अयिन’ या शब्दप्रयोगाचा. ‘नाहीतून आहे’ ही उत्तरकालीन यहुदी तत्त्वचिंतनातील परिभाषा आहे आणि उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात ती नाही.

सरावासाठी उपदेशक ४:८ घ्यावे. ‘येश एखाद वे-एन शेनी’, एकटा आहे आणि दुसरा नाही. ‘गाम बेन वा-आख एन-लो’, मुलगा नाही, भाऊही नाही; येथला ‘लो’ वाव अक्षराचा, म्हणजे ‘त्याला’ या अर्थाचा आहे, नकाराचा नव्हे. ‘वे-एन केत्स ले-खोल अमालो’, त्याच्या कष्टांना अंत नाही. ‘गाम एनो लो तिस्बा ओशेर’, येथे ‘एनो’ म्हणजे त्याचा डोळा, झऱ्याच्या अयिनचा, आणि हा ‘लो’ मात्र आलेफचा, क्रियापदाला लागलेला खरा नकार : त्याचा डोळा संपत्तीने तृप्त होत नाही. हे वचन ॲपमध्ये उघडून प्रत्येक ‘एन’ आणि प्रत्येक ‘लो’ यांचे क्रमांक वहीत उतरवावेत, मग शेजारी आपले भाषांतर लिहून ते मराठी आणि कन्नड अशा दोन्ही शास्त्रांशी ताडून पाहावे.