लांब काट्यांचा जांभळा निवडुंग ओळखायचा कसा? (रंगावर जाऊ नका)

अ‍ॅरिझोनात आलेली आपली मंडळी वाळवंटात फिरायला गेली की जांभळट फड्या निवडुंग दिसायचा अवकाश, लगेच "हाच तो लांब काट्यांचा" म्हणून फोटो ग्रुपवर. मी पण आधी अशीच फसले, म्हणून म्हणते, रंग सगळ्यात शेवटी बघायचा. शास्त्रीय नाव ओपन्शिया मॅक्रोसेंट्रा, म्हणजे जवळपास 'लांब काटेवाला'च, एंगेलमन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५६ मध्ये दिलेलं.

आधी जागा बघा. हा दक्षिण-पूर्व अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको, पश्चिम टेक्सास आणि सीमेपलीकडे मेक्सिकोत सोनोरा-चिवावाकडचा. साधारण ३ ते ५ हजार फुटांवर, खडकाळ उतार नाहीतर वाळलेल्या गवताचे माळ. फिनिक्स शहर उंचीने बरंच खाली आहे, तिथे दिसला तर बहुतेक कुणीतरी अंगणात लावलेला.

मग काटे. खरी ओळख इथेच आहे. फड्याचा खालचा भाग जवळजवळ मोकळा, आणि काटे फक्त वरच्या कडेला, एखाद्याने केस फक्त डोक्यावर उभे ठेवलेत आणि बाजूने साफ केलेत तसे! फड्यावर जे ठिपके असतात, त्यातल्या एकेकातून एक-दोन, फार तर तीन. रंग काळा किंवा काळपट तपकिरी, टोकाकडे फिकट, लांबी ७-८ सेंटीमीटर सहज, कधी १२ च्या पुढेही. उन्हाच्या उलट्या बाजूने बघा म्हणजे काळी रेघ स्पष्ट दिसते. पूर्ण फड्यावर पांढरे काटे पसरलेले असतील आणि फडे ताटाएवढे मोठे हिरवे, तर तो एंगेलमनच्याच नावाचा दुसरा निवडुंग, तो तिथे ढिगाने आहे.

आता फूल, एप्रिल-मेत गेलात तर. पिवळं, पण मधोमध लालभडक, जणू पिवळ्या वाटीत कुंकू सांडलंय. सांता रिटा नावाचा भाऊबंद पण जांभळाच असतो (मी ज्याला फसले तो हाच), त्याचं फूल मात्र आतून बाहेरून पिवळंच आणि काटे जवळपास नाहीतच. पण टेक्सासच्या बिग बेंड नॅशनल पार्कमध्ये असाल तर जरा सांभाळून, तिथल्या ओपन्शिया अ‍ॅझुरिया या आणखी एका निवडुंगाचं फूलही पिवळं-लालच, तिथे मी नुसत्या फुलावरून नाव सांगत नाही.

रंगाचं सांगायचं तर तो थंडी आणि पाण्याचा ताण यांनी चढतो, बीटमध्ये असतं त्याच जातीचं रंगद्रव्य. पाऊस झाला की तेच झाड निळसर हिरवं होतं, मग जानेवारीतला फोटो बघून जुलैत शोधायला जाल तर डोळ्यासमोरून जाईल तरी कळणार नाही.

फड्यावर पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला तर ती बुरशी नाही, कोचिनील किडे. काडीने एखादा चिरडून बघा, गडद लाल रंग येतो, पूर्वी कापड रंगवायला हाच वापरायचे.

हात लावू नका हे वेगळं सांगायला नको, पण लोक घाबरतात मोठ्या काट्यांना आणि फसतात बारीक कुसळांना. त्या ठिपक्यांतली तपकिरी कुसळं बोटात गेली की दिसत पण नाहीत, दिवसभर नुसती टोचत राहतात, लाल-जांभळी बोंडं तोडायला गेलं तर तिथेही तीच. चिमटा आणि चिकटपट्टी बॅगेत ठेवाच. झुडपाच्या बुडाशी काड्या-काट्यांचा ढीग दिसला तर ते पॅकरॅट उंदराचं घर, आणि उंदीर म्हटलं की साप, तेव्हा पाय तिथे घालू नका.

नॅशनल पार्कमधून फडा, बोंड काहीच आणता येत नाही. फोटो काढा तीन: पूर्ण झुडूप, एका फड्याची वरची कड जवळून, आणि फूल असेल तर वरून सरळ आत बघणारं. नुसत्या लांबच्या जांभळ्या फोटोवरून "हा कुठला?" विचारलंत तर मी पण "सांता रिटा असेल" एवढंच म्हणेन.