माशांच्या टाकीच्या कॅनॉपीत पंखे बसवताय? या चुका टाळा

मार्च संपत आला की माझा फोन सुरू होतो. "दादा, टाकीचं पाणी ३२ अंशांवर गेलंय, दोन पंखे लावले, एकही फिरत नाही." लावले म्हणजे काय, तर जुन्या कॉम्प्युटरचे पंखे उचकटले, ड्रॉवरमधल्या कुठल्यातरी अ‍ॅडॉप्टरची पिन कापली, वायरी पिळल्या आणि वर काळी टेप गुंडाळली. काम पंधरा मिनिटांत उरकलेलं असतं. निस्तरायला माझा रविवार जातो.

टेपेपासूनच सुरुवात करतो, कारण माझा राग तिच्यावर जास्त आहे. कॅनॉपीच्या, म्हणजे टाकीवरच्या झाकणाच्या आत खाली उघडं पाणी, वर तापलेले एलईडी आणि मध्ये दिवसभर कोंडलेली वाफ. अशा जागी टेपेचा गोंद काही आठवड्यांत पातळ चिकट होतो, टेप घसरते आणि जोड उघडा पडतो. यावर ठरलेलं उत्तर असतं, "बाराच व्होल्ट तर आहेत, शॉक थोडाच बसतो." तुम्हाला नाही बसणार, खरं आहे. पण टाकीत तुम्ही राहत नाही.

चिंचवडच्या एका मुलाची दोन फुटी टाकी होती. त्यात लाल चेरी श्रिंप, म्हणजे छोट्या कोळंब्या, दहापासून वाढवत शंभरावर नेलेले. एक दिवस पंखा थांबला. खराब झाला असेल, पगार झाला की नवा आणू, म्हणून त्याने तो तसाच ठेवला आणि अ‍ॅडॉप्टरही चालूच राहिला. चार दिवसांनी श्रिंप पटापट मरायला लागले. त्याने अमोनिया तपासला, पाणी बदललं, खाणं बंद केलं. गप्पी मासे मात्र ठणठणीत. मी जाऊन कॅनॉपी उचलली तर टेपेचे दोन्ही जोड सुटून अ‍ॅडॉप्टरकडची दोन टोकं पाण्यात लोंबत होती. एका टोकावरून बारीक बुडबुड्यांची माळ निघत होती. दुसरं, म्हणजे पॉझिटिव्हचं टोक, झिजून हिरवट बुंधा उरला होता. शाळेतला विद्युत अपघटनाचा प्रयोगच, फक्त बीकरच्या जागी टाकी. पॉझिटिव्ह टोकाचं तांबं चार दिवस पाण्यात विरघळत होतं आणि तांबं म्हणजे श्रिंप आणि गोगलगाईंना विष. शंभरातले अकरा वाचले.

लोक विचारतात, फ्यूज असता तर? नसता उडाला. पाण्यातून जाणारा करंट त्यासाठी फारच थोडा. घरातली आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, तोही पडला नसता, कारण अ‍ॅडॉप्टरच्या आतला ट्रान्सफॉर्मर बारा व्होल्टची बाजू मेन्सपासून, म्हणजे भिंतीतल्या विजेपासून, वेगळी ठेवतो. इथे जोड नीट करणं एवढंच वाचवतं.

माझी सवय सांगतो. कॅनॉपीच्या आत एकही जोड ठेवत नाही. पंख्याची मूळ वायर मागच्या खाचेतून बाहेर काढायची आणि जोड बाहेर करायचा. वायर अगदीच तोकडी असेल तर सोल्डर, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी), आणि दोन वायरींचे जोड एकमेकांसमोर न ठेवता बोटभर पुढे-मागे. स्लीव्ह सोल्डर करण्याआधी वायरीत ओवायची असते. हे मला माहीत आहे, तरी आजवर निदान तीनदा विसरलोय. ही स्लीव्ह पुण्यात तपकीर गल्लीत चहाच्या पैशांत मिळते, म्हणून टेपेचा हट्ट मला कळत नाही.

दुसरी चूक हुशार लोकांची. लाइटला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा डबा, आहेच, मग त्यातूनच पंख्याला पुरवठा घ्यायचा, वेगळा अ‍ॅडॉप्टर कशाला? ड्रायव्हरवरचं लेबल वाचा. तिथे '३०० एमए (मिलिअँपिअर), २४-४२ व्होल्ट' असं काहीतरी असतं. तो करंट स्थिर ठेवतो आणि व्होल्टेज लागेल तसं चढवतो. त्यात बारा व्होल्टचा पंखा जोडलात तर एक तर पंखा जळतो किंवा लाइटचं गणित बिघडून ते लुकलुकतात. बारा व्होल्टच्या एलईडी पट्टीचा डिमर असेल तर त्याच्या मागूनही पंखा घेऊ नका. लाइट मंद केला की पंखा किरकिरतो नाहीतर अडखळतो. पंख्यांना त्यांचा स्वतःचा अ‍ॅडॉप्टर द्या, विषय संपला.

दोन पंखे सिरीजमध्ये जोडू नका. बारा व्होल्ट दोघांत वाटले जातात, एक कसाबसा फिरतो आणि दुसरा थरथरत बसतो. पॅरलल जोडा. पंख्यांवरचे अँपिअर बेरजेला घ्या आणि अ‍ॅडॉप्टर त्याच्या दुप्पट घ्या, सुरू होताना पंखा जास्त ओढतो. ८० मिलिमीटरचे दोन साधे पंखे १ अँपिअरवर आरामात चालतात.

वायरींच्या रंगावर विश्वास ठेवू नका, विशेषतः पिवळ्यावर. तीन वायरींच्या पंख्यात पिवळी वेग मोजणारी असते आणि लाल पॉझिटिव्ह. चार वायरींच्या बऱ्याच पंख्यांत पिवळीच बारा व्होल्ट. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्येही पिवळी बारा आणि लाल पाच. लेबल बघा, मल्टीमीटर लावा. उरलेल्या वायरींची टोकं एकत्र पिळू नका, एकेकीला स्वतंत्र स्लीव्ह घाला. उलटं जोडलं तर बहुतेक पंखे नुसते गप्प बसतात, काही कायमचे.

जुना, वजनदार अ‍ॅडॉप्टर असेल तर जोडण्याआधी मोजा. १२ व्होल्ट लिहिलेला, काहीच जोडलेलं नसताना १६-१७ व्होल्ट दाखवतो.

वारा कुठे जातो हेही पाहत नाहीत. ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या काड्या आणि लेबल असतं तिकडून वारा बाहेर पडतो. दोन्ही पंखे आत फुंकतायत आणि मागे खाच नाही, म्हणजे वाफ आतच घुमते. माझा कल एक पंखा आत फुंकणारा आणि मागे रुंद खाच, असा. आत फुंकणाऱ्या पंख्यातून खोलीची कोरडी हवा जाते, बाहेर ओढणाऱ्याच्या बेअरिंगमधून टाकीची वाफ. खाऱ्या टाकीवाल्यांनी तर दुसरा पर्याय विसरावाच.

पंखा पाण्याची वाफ करून ते थंड करतो, जादूने नाही. १०० लिटर पाणी एक अंश उतरवायला साधारण पावणेदोनशे मिलिलिटर पाण्याची वाफ व्हावी लागते. म्हणून एप्रिलमध्ये पुण्या-नागपुरात कोरड्या हवेत काम छान होतं, आणि जुलैत मुंबईच्या दमट हवेत तोच पंखा नुसता आवाज करतो. तिथे वायरिंगला दोष देऊ नका. पाणी रोज उतरणारच, भरत राहा.

वायर सॉकेटकडे थेट उतरवू नका. आधी सॉकेटच्या खाली लोंबू द्या, मग वर न्या, म्हणजे थेंब वळणावरूनच खाली पडतात. एक्स्टेंशन बोर्ड टाकीखाली जमिनीवर ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, बोर्ड उचलून कपाटाच्या बाजूला वर ठोकतो.

आणि मला फोन करण्याआधी भिंतीवरचं बटण चालू आहे ना, ते बघा. गेल्या एप्रिलमध्ये मी कोथरूडहून हडपसरला जाऊन फक्त तेवढंच करून आलोय.