ऑटोकॅडमधले व्हीबीए मॅक्रो सी शार्पमध्ये कसे न्यावेत

ऑटोकॅड २०१० पासून व्हीबीए, म्हणजे मॅक्रो (कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) लिहिण्याची मायक्रोसॉफ्टची जुनी भाषा, मूळ इन्स्टॉलेशनसोबत येत नाही, वेगळं डाउनलोड करून बसवावं लागतं. तरीही दारं-खिडक्यांचं शेड्यूल काढणारा किंवा कॉलमना क्रमांक देणारा एखादा जुना मॅक्रो बऱ्याच ऑफिसांत रोज चालतो. तो चालतोय तोवरच तो सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत नेण्याचं काम हाती घ्या, कारण जुन्या आणि नव्या कोडचे निकाल शेजारी ठेवून तपासता यायला हवेत.

पहिलं काम, जुना कोड बाहेर काढणं. व्हीबीए मॅक्रो ज्यात साठवलेले असतात ती डीव्हीबी फाइल नोटपॅडमध्ये वाचता येत नाही. व्हीबीए एडिटर उघडून एकेक मॉड्यूल एक्स्पोर्ट करा आणि त्या फाइली जपून ठेवा. मग ड्रॉइंग करणाऱ्यांना विचारा, यातलं रोज काय लागतं? जे कोणी वापरत नाही ते सोडून द्या. नुसता लेयर बदलणारा किंवा ठरलेला ब्लॉक टाकणारा मॅक्रो असेल तर माझ्या मते ऑटोकॅडची स्वतःची भाषा ऑटोलिस्पच बरं. १९८६ पासूनची ही भाषा २०२४ च्या आवृत्तीपासून ऑटोकॅड एलटी या कमी सोयींच्या आवृत्तीतही चालते, तिथे डॉट नेट (सी शार्पचा कोड ज्यावर चालतो ती मायक्रोसॉफ्टची यंत्रणा) चालत नाही.

उरलेल्या मॅक्रोंसाठी व्हिज्युअल स्टुडिओत सी शार्पचा क्लास लायब्ररी प्रोजेक्ट करा. ऑटोकॅड २०२१ ते २०२४ साठी डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ आणि २०२५-२०२६ साठी डॉट नेट ८ निवडा. ऑटोकॅडच्या फोल्डरमधल्या एसीएमजीडी, एसीडीबीएमजीडी आणि एसीकोअरएमजीडी या डीएलएलचे (तयार कोडच्या फाइलींचे) रेफरन्स जोडून ‘कॉपी लोकल’ बंद ठेवा.

आता खरा फरक. जुना कोड ओळीला ओळ लावून उतरवायला जाऊ नका. व्हीबीएत मॉडेलस्पेसला ‘अ‍ॅडलाइन’ म्हटलं की रेघ ड्रॉइंगमध्ये आली. इथे, म्हणजे सी शार्पमध्ये, ड्रॉइंग हा डेटाबेस आहे आणि प्रत्येक बदल ट्रान्झॅक्शनमधून, म्हणजे एकतर पूर्ण होणाऱ्या नाहीतर पूर्ण रद्द होणाऱ्या व्यवहारातून, जातो. ट्रान्झॅक्शन सुरू करा, ब्लॉक टेबल वाचण्यासाठी उघडा, त्यातून मॉडेलस्पेसचं रेकॉर्ड लिहिण्यासाठी उघडा, रेघ तयार करून त्यात जोडा, ती ट्रान्झॅक्शनला कळवा आणि शेवटी ‘कमिट’ करा. कमिट राहिलं तर कोणताही एरर न येता सगळा बदल मागे घेतला जातो; ‘कोड चालतो पण काही दिसत नाही’ म्हटलं की आधी तेच पाहा. सुरुवातीला हे लांबण वाटतं. पण मध्येच काही बिघडलं तर अर्धवट बदललेलं ड्रॉइंग मागे राहत नाही, आणि शेकडो ब्लॉकचे अ‍ॅट्रिब्यूट बदलणाऱ्या कोडला ही हमी फार मोलाची आहे.

एरर आला तरी दुर्लक्ष करून पुढच्या ओळीवर जाणारी व्हीबीएची ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ ही ओळ मात्र सोबत आणूच नका. पॉइंट मागितला आणि वापरणाऱ्याने एस्केप दाबलं तर व्हीबीए एरर देतं. इथे उत्तरासोबत स्टेटस मिळतं. ते ‘ओके’ असेल तरच पुढे जा.

बिल्ड झालेली डीएलएल ‘नेटलोड’ने लोड करा. एकदा लोड झाली की ऑटोकॅड बंद केल्याशिवाय ती सुटत नाही, त्यामुळे पुढचं बिल्ड अडलं तर घाबरू नका. एकाच ड्रॉइंगच्या दोन प्रतींवर जुना मॅक्रो आणि नवी कमांड चालवून शेड्यूल ताडून पाहा. गोठवलेले लेयर, एक्सरेफ (बाहेरून जोडलेली ड्रॉइंग) आणि डायनॅमिक ब्लॉक असलेलं ड्रॉइंग मुद्दाम निवडा.

निकाल जुळले की डीएलएल आणि पॅकेजकंटेंट्स ही एक्सएमएल फाइल एका बंडल फोल्डरमध्ये घालून तो फोल्डर अ‍ॅप्लिकेशनप्लगइन्समध्ये ठेवा. ऑटोकॅड ती आपोआप लोड करतं. टूलबारच्या जुन्या बटणांमागे ‘व्हीबीएरन’ लिहिलेलं असतं. ‘सीयूआय’ कमांडने तिथे नव्या कमांडचं नाव घाला, म्हणजे ड्रॉइंग करणाऱ्यांना पूर्वीचंच बटण दाबता येईल.